गुढियारीतला लुंबिनीचा खांब

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भगवान बुद्धांचा जन्म रायपूर शहरी, गुढियारी मुक्कामी, मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत, आमच्या विहाराच्या अंगणात, बोअरिंगच्या डाव्या हाताला झालेला आहे. ही अफवा नाही. तसं दगडात कोरलेलं आहे, आणि ते कोरवून घेण्याचं काम प्रस्तुत लेखकानं पूर्ण शुद्धीत, दोन वेळा तपासून केलेलं आहे.

या घोषणेपायी मी एका उन्हाळ्यात दहा वर्षं म्हातारा झालो. अजूनही कोणी ‘तो खांबाचा किस्सा सांगा’ म्हटलं की आधी अंग मोडून येतं. पण किस्सा माहीत असून न सांगणं मला जमत नाही. हाही एक आजारच.

आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला इकडे आले आणि इथलेच झाले. गल्लीतली निम्मी माणसं वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, उरलेली मालधक्क्यावर नाहीतर सरकारी कचेऱ्यांत. माझा नंबर कचेरीत लागला. दिवसभर आवक-जावक, आणि पौर्णिमेला, जयंतीला विहारात माईक. माईक हातात आला की मी वेगळाच माणूस होतो असं माझी बायको म्हणते. चांगला होतो की वाईट, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

आई रेल्वेच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं तिच्या हातावर जन्मली. तिचं सगळं शास्त्र पाठीत होतं. कळा देणारी बाई पलंगावर आडवी पाडून ठेवलेली तिला बघवत नसे. डॉक्टरीणबाई राउंड आटोपून गेल्या की ही बाईला उठवायची, स्वतः तिच्या मागे उभी राहायची आणि म्हणायची, ‘‘टेक बाई, माह्या आंगावर टेक. मी हाय.’’ अशी तासन् तास उभी. आज तिचे गुडघे आणि कंबर दोन्ही गेलेत. डॉक्टर म्हणतात, वय झालं. आई म्हणते, ‘‘वय नाई. बाया टेकल्या माह्यावर.’’

वैशाखी पौर्णिमेला विहारात जन्माची कथा व्हायची. राणी माहेरी निघाली, वाटेत लुंबिनीच्या बागेत कळा सुरू झाल्या, सालाच्या झाडाची फांदी धरून ती उभ्यानं बाळंत झाली. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि बायकांच्या रांगेतून आईचा आवाज यायचा, ‘‘दिवस भरल्यावर कोनी पाठवते का माहेरी? सातव्यातच धाडाले पाहिजे होतं. येवढा मोठा राजवाडा, अन् एकाही म्हातारीले अक्कल नाई?’’

भंतेजी थांबायचे.

‘‘बोला भंतेजी, बोला,’’ आई म्हणायची, जशी काही परवानगीच देतेय.

म्हणजे लुंबिनीला जायची तिची ओढ पुण्यासाठी वगैरे नव्हती. ‘‘पुण्य तुमी पाहा,’’ ती म्हणायची, ‘‘मले ते जागा पाहाची हाय. पानी किती लांब होतं, गाव किती लांब होतं. एकटीनं कसं केलं असंन तिनं?’’

‘‘ते झाड आता नसेल गं आई.’’

‘‘जागा तं असंन.’’

मी शब्द दिला होता. पहिल्यांदा रिझर्व्हेशन केलं तेव्हा बाबा आजारी पडले, आणि त्या आजारातून ते उठलेच नाहीत. दुसऱ्यांदा बॅगा भरून दारात ठेवल्या, आणि लाइनचं काम सुरू आहे म्हणून लुंबिनीच्या वाटेवरची, नौतनव्याची गाडीच रद्द झाली. दोन पिढ्या रेल्वेत घालवलेल्या घराला रेल्वेनं दाखवलेला हा जिव्हाळा. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आईचे गुडघे बसले. घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागली. तिसऱ्यांदा मी विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. तिनं प्रवासासाठी शिवलेली कापडी पिशवी मात्र टीव्हीखालच्या खणात घडी करून तशीच होती. मी रिमोट घ्यायला वाकलो की ती दिसायची. मग मी टीव्ही बघणं कमी केलं.

आमच्या समितीचे अध्यक्ष वॅगन कारखान्यातले निवृत्त मिस्त्री. आईला मावशी म्हणतात. एका बैठकीत ते म्हणाले, ‘‘मावशीचं जाणं होत नाही ना? मंग लुंबिनीच इकडे आनू. खांब तं दगडाचाच हाय.’’

लुंबिनीला बुद्धाचा जन्म कुठे झाला ते सांगणारा सम्राटानं उभारलेला दगडी खांब आहे, त्याची छोटी नक्कल विहारात उभी करायची असं ठरलं. पौर्णिमेला आईच्या हातून पडदा उघडायचा. मी खांबाचा फोटो आणला. खरा खांब वरून तुटलेला, मधे चिरलेला, त्याला लोखंडी पट्टे मारलेले. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला. मी काहीतरी भावपूर्ण ऐकायच्या तयारीत. ते म्हणाले, ‘‘काम चांगलं हाय. पट्टा जागेवर मारला.’’

अभनपूरच्या रस्त्यावर एक दगड घडवणारा आहे. हत्ती, तुळशीवृंदावनं, नंदी, सगळं उघड्यावर मांडलेलं. त्याच्याकडे मी किती खेपा केल्या ते मोजणं सोडून दिलंय. खांबावर ब्राह्मी लिपीतल्या ओळी आहेत. फोटो मोठा करून, त्यावर ट्रेसिंग पेपर लावून, जेवणाच्या टेबलावर चार रविवार वाकून मी अक्षर न् अक्षर उतरवलं. मान धरली ती अजून सुटलेली नाही. ब्राह्मी मला वाचता येत नाही, समितीत कोणालाच येत नाही. अर्थ मात्र पाठ आहे. दर वर्षी मीच तो माईकवरून घुमवून सांगतो. आम्ही वंदना पालीत म्हणतो, लहानपणापासून, झोपेतून उठवलं तरी म्हणू, पण म्हणता म्हणता अर्थाकडे लक्ष द्यायची सवय नाही. खांबाचंही तेच झालं. त्या ओळी मला पवित्र नक्षीसारख्या वाटत होत्या. ते एक वाक्य आहे आणि वाक्य काहीतरी सांगत असतं, हे डोक्यातच आलं नाही.

खांब आला, कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी चेन-पुली लावून उभा केला, पायाला सिमेंट भरलं. पौर्णिमेला आठ दिवस होते. खांबाशेजारी लावायच्या पाटीसाठी माझी मुलगी हिंदी अनुवाद टाइप करत होती. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं.

‘‘पापा, एक मिनट. ‘यहाँ शाक्यमुनि बुद्ध का जन्म हुआ।’ यहाँ?’’

‘‘हो.’’

‘‘यहाँ कहाँ?’’

‘‘लुंबिनीला गं.’’

‘‘पर खंबा तो गुढ़ियारी में खड़ा है।’’

मी बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चाळीस वर्षं माईकवर बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक भरली. मी सगळं सांगितलं.

‘‘पुढं काय लिवलं हाय?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘बुद्ध इथे जन्मले म्हणून राजानं गावाचा कर कमी केला, असं.’’

‘‘मंग राहू द्या. घरपट्टी मागाले आला का नगर निगमवाल्याले दाखवू.’’

एकानं सुचवलं, ग्राइंडर मारू आणि फक्त ‘इथे’ तेवढं काढून टाकू. सगळ्यांना पटलं. सगळे उठून खांबाजवळ गेले, मोबाइलचे टॉर्च लावले आणि माझ्याकडे पाहायला लागले. ‘इथे’ म्हणजे यातली नेमकी कोणती अक्षरं? मी ओळींकडे पाहिलं, ओळींनी माझ्याकडे पाहिलं. चुकून ‘बुद्ध’च निघाला तर? ग्राइंडर घरी गेला. दगडवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, ‘‘फोटू मा जइसन रिहिस, तइसने खोदे हंव भैया,’’ आणि फोटोत होतं तसंच कोरलं हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

शेवटी अध्यक्षांनी निकाल दिला, ‘‘वाचता कोनाले येते? राहू द्या.’’ आम्ही सुटलो. मी घरी येऊन बूट न काढता आडवा झालो.

पण मुलीनं आजीला सांगून टाकलं होतं.

सकाळी आईनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘मी नाई येत पडदा ओढाले.’’

‘‘काहून?’’

‘‘खोटं लिवलं हाय त्याच्यावर.’’

‘‘अगं, ती नक्कल आहे. मूळ खांबावर तसंच आहे.’’

‘‘तिथं खरं हाय. इथं खोटं हाय. जन्माची जागा खोटी लिवू नाई, बाबू.’’

आता हा विषय आमच्या गल्लीत का नाजूक आहे ते सांगितलं पाहिजे. आमची पोरं इथे जन्मतात, पण जातीचा दाखला काढायला गेलं की विचारतात, आजोबा कुठले? कागद तिकडचा आणा. तिकडे गेलं की म्हणतात, तुमचा जन्म तर इकडचा नाही. जन्मस्थानाच्या रकान्यापायी माणसं किती खिडक्यांवर किती दुपारी उभी राहिली आहेत ते आईनं पाहिलेलं. वॉर्डातलं नोंदीचं रजिस्टर कारकून भरायचा, पण आई त्याच्या खांद्यावरून वाकून पाहायची. एकदा एक बाई पॅसेंजर गाडीतच बाळंत झाली आणि मग दवाखान्यात आली. कारकुनानं सवयीनं जन्माचं ठिकाण दवाखाना लिहिलं. आई भांडली. शेवटी त्याला लिहावं लागलं, ‘चालत्या गाडीत, तिल्दा आणि मांढरच्या मधे’. तो पोरगा मोठा झाला आणि आईच्या नावानं बोटं मोडायला लागला, कारण कुठल्याच कचेरीच्या रकान्यात चालती गाडी बसत नव्हती. एकदा तो घरी येऊन आईशी वाद घालून गेला. आईनं त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि सांगितलं, ‘‘तरी बी तू गाडीतच झाला. तुह्यासाठी मी गाडी थांबवू का आता?’’

तर अशी बाई. तिला मी काय समजावणार? समजावलं. तीन दिवस, ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर. अध्यक्ष येऊन गेले. भंतेजींनी निरोप पाठवला. ती प्रत्येकाला चहा देत होती आणि ‘नाई’ म्हणत होती. रागावलेली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. दोनदा लुंबिनी हुकली तेव्हाही ती रागावली नव्हती.

चौथ्या दिवशी मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो. कडक ऊन, पायरी तापलेली, तरी उठायचा कंटाळा आला होता. डोळ्यांपुढे येत होतं ते एवढंच, की पौर्णिमेला मी माईकवर गर्जत असेन, आई चौदा घरं सोडून एकटी बसून तो आवाज ऐकत असेल, आणि नंतर तिच्यासाठी काही करायला माझ्याकडे उरणार नाही. लुंबिनी तर गेलीच होती. आता गुढियारीही जात होती.

तेवढ्यात आमचे पेंटरकाका सायकल हातात धरून चालत आले. कारखान्यात त्यांची सगळी नोकरी वॅगनवर अक्षरं मारण्यात गेली. वॅगन दुरुस्त होऊन निघाली की पत्र्याचा साचा तिच्या अंगावर धरायचा आणि पांढरा रंग मारायचा: कोणत्या रेल्वेची, कुठे दुरुस्त झाली, कधी. ते खांबासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, वॅगन तपासतात तसे एक फेरी मारून आले.

‘‘मावशी बराबर बोलते,’’ ते म्हणाले.

‘‘काका, तुम्ही तरी नका.’’

‘‘अरे, ऐक तं. वॅगन कलकत्त्याच्या यार्डात उभी असली म्हनून ते कलकत्त्याची होते का? तिच्या आंगावर लिवलं असते, कोनाची अन् कुठी काम झालं ते. याच्या आंगावर ते लिवलंच नाई. तुमी माल बिना नंबरचा काढला.’’

संध्याकाळी ते जुन्या डब्याचा पत्रा कापून साचा घेऊन आले. खांबाच्या पायाशी, सिमेंटच्या चौथऱ्यावर, त्यांनी वॅगनवर असतात तशा ठोकळ्या, सरळ, पांढऱ्या अक्षरांत मारलं:

मूळ खांब – लुंबिनी
नक्कल – रायपूर

खाली महिना आणि साल. सुंदर दिसत होतं असं मी म्हणणार नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या घटनेच्या पायाशी मालगाडीचं अक्षर. कोणी आलं की चटकन विचारायचं, हा खांब दुरुस्तीला पुन्हा कधी पाठवायचा? पण अध्यक्षांना एकदम शांत वाटलं. म्हणाले, आता काम पूर्ण झालं.

मुलीनं फोटो काढून आजीला दाखवला. आईनं मोबाइल दूर धरून एकेक अक्षर वाचलं. वाचायला वेळ लागला. मी दाराशी उभा होतो.

‘‘हे कोनी मारलं?’’

‘‘पेंटरकाकांनी.’’

‘‘त्याची तिसरी माह्या हातची,’’ आई म्हणाली. ‘‘पायाळू होती.’’ मग मोबाइल परत दिला. ‘‘माही पिशवी काढ.’’

‘‘कोणती?’’ मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही निघालो. आठ वाजले होते आणि रस्ता तेव्हाच तव्यासारखा. चौदा घरांचं अंतर. आई वॉकर धरून, पांढरी साडी, खांद्याला प्रवासाची पिशवी. तिच्यात पाण्याची बाटली, रुमाल आणि औषधाची डबी. मुलगी मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन चालत होती. दोन ठिकाणी आई बसली. प्रत्येक दारातून कोणीतरी विचारत होतं, ‘‘कुठी निंगाली मावशी?’’ आणि ती सांगत होती, ‘‘लुंबिनीले.’’

‘‘दादी, पानी?’’

‘‘पोचल्यावर.’’

विहारात सगळे उभे होते. मी माईक घेतला, पण नेहमीची गर्जना त्या दिवशी केली नाही. दोन वाक्यांत आटोपलं. लोकांना बहुधा तेच आवडलं. आईनं दोरी ओढली, पडदा अर्ध्यात अडकला, अध्यक्षांनी काठीनं मोकळा केला. वंदना झाली. मग तिला खांबाजवळ जायचं होतं.

वनखात्यातल्या कोणीतरी सालाचं रोपटं आणून दिलं होतं, ते खांबाशेजारी कुंडीत ठेवलेलं. गुडघ्याएवढं. चार पानं, त्यातलं एक पिवळं. आई त्याच्याकडे पाहत राहिली.

‘‘याले धरून?’’

‘‘हे मोठं होईल आई. तेव्हा मोठं झाड होतं.’’

‘‘मोठं असो का लहान, फांदी हालते,’’ ती पुटपुटली.

तिनं खांबावर हात ठेवला. अक्षरांवरून बोटं फिरवली, वरच्या ओळीवरून, मग खालच्या. वाकून पेंटरकाकांची अक्षरं पाहता येतात का ते पाहिलं, जमलं नाही. वॉकर बाजूला सरकवला. मुलगी खुर्ची पुढे करायला लागली तर मानेनंच नको म्हणाली. मग हळूहळू, आधी एक पाय, मग दुसरा, असं करत ती वळली आणि सगळी पाठ खांबाला लावली. डोळे मिटले. एक मोठा श्वास सोडला. इतक्या वर्षांत मी तिला कशालाही असं टेकून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

भंतेजींनी हात जोडले. अध्यक्षांनी टोपी काढली. ती आता काहीतरी बोलेल म्हणून मी सवयीनं माईक तिच्या तोंडापाशी नेला. तिला तो दिसलाही नसावा. डोळे मिटूनच ती बोलली, आणि मालधक्क्यापर्यंत ऐकू गेलं:

‘‘हा खांब तवाच उभा केला असता, तं बाईले टेकाले तरी झालं असतं!’’